टेकडीवरची गल्ली

शहर दाखवायला देस्पिनाला तिच्या बापानं शिकवलं. रविवारी चर्च सुटलं की स्पिरिदोन कोतेस्कु दोन्ही पोरांना घेऊन बुखारेस्टभर पायी हिंडायचा. आठ वर्षांची देस्पिना एका बाजूला, पाच वर्षांचा तितू दुसऱ्या बाजूला, आणि तिघांच्या खिशात जाड मीठ लावलेली पावाची कडक वेटोळी. चालता चालता बाप मधेच थांबायचा आणि म्हणायचा, "वर बघा."

वर म्हणजे दुकानांच्या वर. खालच्या पाट्या, काचा, दारं हे सगळं बदलत असतं, त्याच्याकडे बघण्यात अर्थ नाही, असं त्याचं मत होतं. पण वर, छपराच्या वळचणीखाली, कुणी हात लावलेला नसे. तिथे फुलांच्या माळा असत, द्राक्षांचे घड असत, सिंहांची तोंडं आणि वेण्या घातलेल्या बायकांचे चेहरे असत. सगळं चुन्याचं आणि प्लास्टरचं. त्यातलं बरंचसं स्पिरिदोननं कधी ना कधी दुरुस्त केलेलं होतं. साचे करायचे, ओतायचे, परांचीवर चढून बसवायचे, हा त्याचा धंदा.

"ते दोन घड बघितलेस? एक शंभर वर्षांचा आहे, एक माझा. सांग बरं, माझा कुठला?"

"तो डावीकडचा," तितू लगेच म्हणायचा. "तुझा जरा जास्त पिकलाय, ताता."

मग बाप रस्त्यातच मोठ्यानं हसायचा. विजयपथावरून ते अथेनिअमच्या संगीतगृहापर्यंत जायचे, त्याच्या घुमटाकडे मान दुखेपर्यंत बघायचे, मग पिवळ्या काचांच्या छताखालच्या बोळातून जुन्या बाजारात उतरायचे. स्ताव्ह्रोपोलेओसच्या चिमुकल्या चर्चच्या दगडी खांबांवरून बाप हात फिरवायचा, पण तो दगड, आपलं काम नव्हे, म्हणून फार बोलायचा नाही. शेवटी नदी ओलांडायची आणि टेकडी चढून घरी यायचं.

त्यांचं घर त्या टेकडीवर होतं, मेणबत्तीवाल्यांच्या गल्लीत. गल्ली उभ्या चढाची, गोट्यांची. बर्फ पडलं की पोरं लाकडी फळीवर बसून थेट खालच्या बेकरीच्या दारात जाऊन आदळायची. घरं बैठी, प्रत्येकाला मागे अंगण, अंगणात द्राक्षाचा मांडव आणि एखादं आंबट चेरीचं झाड. आई आरेतिया हिनं देस्पिनाला शेवटचं शिकवलं ते त्या चेऱ्यांचा मुरंबा घालायला. पुढच्या वर्षी ती मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली. तेव्हा देस्पिना पंधराची होती आणि तितू बाराचा. त्यानंतर त्याची बटणं तिनं लावली, त्याचं सूप तिनं गरम केलं, आणि मास्तरांनी घरी चिठ्ठी पाठवली की बापाच्या नावची सहीसुद्धा तिनंच केली.

तितूनं बापाचा धंदा उचलला. त्याचा हात बापापेक्षा हलका होता, आणि हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, बापालाही. तो एवढंच म्हणायचा, "पोराला अजून घाई आहे." देस्पिना फ्रेंच शिकली आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या सरकारी कचेरीत वाटाडी म्हणून लागली. मधे तिचं लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, ती परत टेकडीवर आली. बापानं काही विचारलं नाही. तिची जुनी खोली त्यानं तेवढी रंगवून ठेवली होती.

सत्याहत्तर सालच्या भूकंपात शहरातल्या निम्म्या माळा आणि चेहरे खाली आले. पुढची दोन-तीन वर्षं बापलेक परांचीवरच होते. संध्याकाळी दोघं पिठात घोळल्यासारखे घरी येत, अंगणात उघड्यानं अंग धूत, आणि आज कुठल्या सिंहाला नाक बसवलं यावर वाद घालत. पुढे देस्पिनाला आपल्या घरचं सुख आठवायचं म्हटलं की ती वर्षं आठवत.

चौऱ्याऐंशी साली फीत घेऊन माणसं आली.

त्यांनी गल्ली मोजली, दारांवर पांढऱ्या रंगानं आकडे टाकले आणि कुणाशी न बोलता गेली. शेजारच्या युफ्रोसिनाबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "स्पिरिदोनभाऊ, तुमच्याकडे लांब फीत आणली होती. माझ्याकडे नुसती फूटपट्टी. म्हणजे माझं घर ठेवणार बहुतेक."

"तुमचं घर पाडायला धक्का पुरेल," बाप म्हणाला. "फीत कशाला वाया घालवतील?"

दोघंही हसले. टेकडीवर काहीतरी प्रचंड बांधायचं ठरलं आहे, एवढं सगळ्यांना कळलं होतं. त्या वसंतात स्पिरिदोननं घराच्या दर्शनी भिंतीला नवा गिलावा केला. लोक त्याला वेड्यात काढत होते. देस्पिना म्हणाली, "ताता, उन्हाळ्यापर्यंत हे घर राहणार नाहीये."

"मग उन्हाळ्यापर्यंत नीट दिसू दे."

जूनमध्ये कागद आला. आठ दिवसांची मुदत होती. शहराच्या दक्षिण टोकाला सिमेंटच्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. लिफ्टची विहीर होती, लिफ्ट नव्हती. आईचं कपाट जिन्यात वळेना, म्हणून ते फोडून वर न्यावं लागलं. साच्यांना जागा नव्हती. चाळीस वर्षांचे साचे बापानं अंगणात एकावर एक रचले, वर ताडपत्री घातली, जणू परत येणार होता. आणि कुत्रा राहिला. अझोर म्हातारा होता, जन्मभर अंगणात वाढलेला. जिन्याशी आणला तर चारी पाय रोवून उभा राहिला, वर यायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी तो तिथून नाहीसा झाला. बापानं बरोबर ओळखलं, तो टेकडीवर परत गेला होता.

मग स्पिरिदोन रोज दोन ट्राम बदलून टेकडीवर जाऊ लागला. पिशवीत मक्याच्या पिठाचा थंड घट्टा आणि हाडं. घरं एकेक करून पडत होती आणि मालक निघून गेलेली कुत्री ढिगाऱ्यातून टोळीनं फिरत होती. अझोर मात्र आपल्या दाराशी बसलेला असायचा. दार होतं तोवर दाराशी, मग दाराच्या जागेशी. ऑक्टोबरात पत्र्याचं कुंपण सगळीकडून बंद झालं. बाप कुंपणाच्या बाहेरून हाका मारायचा. पहारेकरी त्याला ओळखायला लागले होते. एक जण म्हणाला, "आजोबा, आत आता कुत्रंही नाही आणि मांजरही नाही. घरी जा."

"घरीच आलोय मी," बाप म्हणाला.

पुढच्या वर्षी त्यांनी टेकडीवरचं मिहाय व्होदाचं जुनं चर्च जमिनीपासून कापलं, रुळांवर चढवलं आणि पार खाली नेऊन ठेवलं. स्पिरिदोन तेही बघायला गेला. घरी येऊन त्यानं बूट काढले आणि म्हणाला, "देवाला चाकं लावली. चांगलं केलं. आम्हाला लावायची राहिली."

त्याच वर्षाच्या शेवटी एका रविवारी तितू जेवायला आला. तो तोवर लग्न न करता शहरात भाड्याच्या खोलीत राहत होता. त्यानं सूप संपवलं, चमचा पुसला, आणि सांगितलं की सहकारी संस्थेतून नावं गेली आहेत. देशभरातून प्लास्टरवाले, दगडवाले, सुतार गोळा करतायत. त्याचंही नाव आहे. उद्यापासून टेकडीवर.

देस्पिनानं विचारलं, "नाही म्हणता येत नाही का?"

"म्हणता येतं. मग कुठे पाठवतील ते ते ठरवतील."

इथे तो थांबला असता तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं, असं देस्पिनाला पुढे जन्मभर वाटत राहिलं. पण तितू थांबला नाही. तो आत जाऊन बघून आला होता. त्याच्या डोळ्यांत ते होतं.

"ताता, छतं बघ तू एकदा. पंधरा-पंधरा मीटर उंच. एकेक गुलाब माझ्या हाताएवढा, आणि असे हजारो. वर सोन्याचा वर्ख. असं काम आपल्या देशात कधी कुणी केलेलं नाही. तुझ्या आज्यानंसुद्धा नाही."

"कुणाच्या डोक्यावर?" बापानं विचारलं.

"काय?"

"छत. कुणाच्या डोक्यावर घालतोयस, विचारतोय."

तितू म्हणाला, "मी नाही घातलं तर दुसरा घालेल, आणि वाकडं घालेल."

"घालू दे की वाकडं." बाप उठला. कोपऱ्यात तितूची कामाची पिशवी होती. त्यातून त्यानं थाप्या काढल्या, लहान मोठ्या सगळ्या, आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. तितू सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्यानंच त्या त्याला दिल्या होत्या. "या माझ्या आहेत. या टेकडीवर जाणार नाहीत. तू जा."

"ताता—"

"त्याचं नाव 'लोकांचं घर' ठेवलंय म्हणे. मग मी कोण होतो रे? तुझी आई कोण होती?"

तितूनं कोट घातला. दाराशी त्यानं बहिणीकडे बघितलं. देस्पिना ताटं गोळा करत होती, आणि तिनं ती गोळा करणं थांबवलं नाही.

त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत.

देस्पिनाचं स्वतःचं जे होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. कचेरीतून वाटाड्यांना छापील कागद मिळायचे. कुठल्या इमारतीसमोर काय बोलायचं ते त्यात असायचं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नवा कागद आला, आणि बसचा रस्ता टेकडीच्या फाटकासमोरून ठरवला गेला. त्या दिवशी बसमध्ये मोल्दोवाकडच्या एका सूतगिरणीतल्या बायका होत्या, पहिल्यांदाच राजधानी बघायला आलेल्या, मांडीवर उकडलेल्या अंड्यांचे डबे. फाटकापाशी लॉऱ्यांची रांग लागली होती म्हणून बस थांबली. देस्पिनानं माइक तोंडाशी धरला आणि कागदावरचं म्हटलं. इथे पूर्वी जुनी, मोडकळीला आलेली, आरोग्याला घातक अशी घरं होती. त्यांच्या जागी आता जनतेसाठी देशातली सर्वांत भव्य वास्तू उभी राहते आहे.

पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "आणि त्या घरांतली माणसं गं?"

"त्यांना नव्या घरांत हलवलं आहे," देस्पिना म्हणाली. "तिथे गरम पाणी आहे."

गरम पाणी आठवड्यातून दोन तास यायचं. संध्याकाळी बापानं नेहमीसारखं विचारलं, "आज कुठे कुठे नेलंस लोकांना?" ती म्हणाली, "नेहमीच्याच ठिकाणी." त्या उन्हाळ्यात तिनं बसमधलं ते वाक्य किती वेळा म्हटलं याचा तिनं हिशोब ठेवला नाही. काही दिवसांनी ते म्हणताना तिला काही वाटेनासंही झालं, आणि पुढे तिला सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटली.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत बाप न्यूमोनियानं गेला. खोलीत श्वासाची वाफ दिसेल अशी थंडी होती. तो टोपी आणि कोट घालून पलंगावर पडला होता. शेवटच्या आठवड्यात त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. एक, युफ्रोसिनाबाईंना खिडकीच्या फटीत कापूस कोंबून द्यायचा. त्याही त्याच इमारतीत आल्या होत्या आणि त्यांना ते जमत नव्हतं. दुसरी, "तो माझ्या मातीला नको."

तितू आला. चर्चच्या दारात, हातात टोपी, केसांत तो पांढरा चुरा, जो धुऊनही जात नाही. देस्पिना त्याच्याकडे गेली. मिठी मारेल असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं हात थोडे उचलले. ती हळूच म्हणाली, "मागे उभा राहा. ताताची इच्छा होती."

तो मागे उभा राहिला. कबरीपाशीसुद्धा मागेच, दुसऱ्याच कुणाच्या दगडाशेजारी. सगळे निघून गेल्यावर त्यानं काय केलं ते तिला माहीत नाही, कारण तिनं वळून बघितलं नाही.

दोनेक वर्षांत राज्य उलथलं. टेकडीवरचं काम बरंच झालेलं होतं आणि पाडण्याची कुणाची ऐपत नव्हती. पुढे तिथे संसद आली आणि लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले. सरकारी कचेरी बंद पडल्यावर देस्पिना स्वतःच्या जबाबदारीवर पाहुण्यांना फिरवू लागली. अथेनिअमपासून सुरुवात, विजयपथ, सिंहांचा वाडा, पिवळ्या काचांचा बोळ, स्ताव्ह्रोपोलेओस, आणि शेवटी इमारतींच्या मागे दडवून ठेवलेलं ते सरकवलेलं चर्च. ती चांगली वाटाडी होती. लोकांना वर बघायला लावायची. पण सगळे शेवटी तेच विचारायचे, मोठा राजवाडा कधी? ती म्हणायची, "तो तुमचा तुम्ही बघा. लांबूनही दिसतो." काही जणांना ती तऱ्हेवाईक वाटे. काहींना वाटे, तिथे तिचं कुणी मारलं गेलं असावं.

तितूच्या कामाला आता कुणी विचारत नव्हतं. लोकांना सरळ, गुळगुळीत भिंती हव्या होत्या. तो इटलीला गेला. ईस्टरला पत्र, नाताळला फोन. "काय करतोस?" विचारलं की म्हणायचा, "पांढरं फासतो." असं वीस वर्षांहून जास्त चाललं. मग एका सप्टेंबरात तो एका सुटकेससह तिच्या दाराशी उभा राहिला आणि चौथा मजला चढून आल्यामुळे बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला. मागाहून बसवलेली लिफ्ट त्या दिवशीही बंद होती.

त्याच्या फुप्फुसांत धूळ बसली होती. चाळीस वर्षांची. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला तेव्हा तितू म्हणाला, "हा गिलावा बरा बसलाय. कुणी केला?" डॉक्टर हसले नाहीत.

भाऊ बहिणीकडेच राहिला, बापाच्या खोलीत. युफ्रोसिनाबाई खालून सूप पाठवायच्या आणि मागोमाग स्वतः यायच्या. "काय रे, इटलीत जाऊन एवढाच परत आलास? बाकीचा कुठे ठेवलास?" त्यांना पाहिलं की त्याला बरं वाटे. देस्पिनाशी तो कमी बोले. दोघं टीव्ही बघत बसत. बत्तीस वर्षांची असताना ताटं गोळा करणारी ती बाई आणि आत्ताची ती, यांच्यामध्ये काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

मार्चमध्ये एके सकाळी तो म्हणाला, "पिना, मला आत घेऊन जा एकदा."

"कशात?"

"माहीत आहे तुला. पुरं झाल्यावर मी ते बघितलेलंच नाही. परांची उतरवायच्या आधी आम्हाला बाहेर काढलं. पंधरा मीटरवर चढून, नाकासमोर, एक-एक गुलाब बघितलाय. सगळं मिळून खालून कसं दिसतं, ते बघायचंय."

ती नाही म्हणणार होती. त्याचा शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. ती म्हणाली, "उद्या जाऊ. सकाळची गर्दी कमी असते."

ओळखपत्रं जमा केली, पिशव्या तपासून घेतल्या, आणि वीस जणांच्या घोळक्यात ते आत गेले. वाटाडी मुलगी पंचविशीची, गोड आवाजाची, पाय दुखवणारे बूट घातलेली. देस्पिनाला ते चालण्यावरून लगेच कळलं. मुलगी आकडे सांगत होती. इतके टन स्फटिक, इतका संगमरवर, इतक्या खोल्या. एका मोठ्या दालनात तितू थांबला आणि वर बघू लागला. बहिणीनं त्याला कोपराखाली धरलं होतं. त्याचा श्वास शिटीसारखा वाजत होता.

"यातले तुझे कुठले?" तिनं विचारलं.

तो बराच वेळ शोधत राहिला. "ओळखू येत नाहीत गं. सगळे एकाच साच्यातले." मग जरा वेळानं म्हणाला, "चांगलं झालंय पण. चांगलंच झालंय, काय करू."

तिनंही वर बघितलं. खरंच चांगलं झालं होतं.

मग दोघं हलक्या आवाजात वाद घालू लागले. तितूच्या मते त्यांचं स्वयंपाकघर याच दालनाखाली कुठेतरी असायला हवं. देस्पिना म्हणाली, नाही, आपण बेकरीच्या वरच्या अंगाला होतो, म्हणजे ते बाहेर, पायऱ्यांकडे. चर्च कुठल्या बाजूला होतं, नदी कुठल्या, असं करत करत दोघंही अडले. टेकडीच तासून काढलेली होती. जिथे गल्ली होती तिथे आता कदाचित नुसती हवा होती.

तितूनं हात वर केला, शाळेत करतात तसा. "बाळ, इथे आधी काय होतं?"

मुलगी हसली. "टेकडी होती, आजोबा. जुनी घरं होती काही, मोडकळीला आलेली."

"मोडकळीला नव्हती," तितू म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "माझ्या बापानं त्याच वर्षी गिलावा केला होता."

मुलगी गोंधळली, "माफ करा" म्हणाली, आणि घोळका पुढच्या दालनाकडे सरकला. देस्पिना जागीच उभी राहिली. ते वाक्य तिच्या कानाला इतकं ओळखीचं होतं की तिला वाटलं आपणच बोललो.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. तितूला बसवून ती शेजारी बसली आणि खाली बघत म्हणाली, "तितू, तुला एक सांगायचंय. मी पण हे म्हणायचे. बसमधून. अगदी हेच शब्द. कागदावर लिहिलेलं असायचं, पण म्हणायचे मीच."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी फाटकाशी लॉरीतून प्लास्टरच्या गोण्या उतरवत होतो. बसच्या खिडक्या उघड्या होत्या. तुझा आवाज मी कुठेही ओळखीन, पिना, माइकमधून आला तरी." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "गरम पाणी आहे म्हणालीस तेव्हा मला हसू आलं."

त्या उन्हाळ्यानंतर दीड वर्षानं बापाच्या प्रेताशी तिनं त्याला मागे उभं राहायला सांगितलं होतं. तेव्हा त्याला हे माहीत होतं. हात खाली करून तो निमूट मागे गेला होता.

"ताताला का नाही सांगितलंस?"

"काय उपयोग होता? त्याच्याकडे एकच पोर राहिलं होतं." तो उठायला लागला. "चल. गारठा आहे इथे."

ट्राममध्ये ती त्याचा हात धरून बसली. माफी मागायचे शब्द तिनं मनात चार-पाच वेळा जुळवले, पण तो डोळे मिटून बसला होता, आणि घरी पोचल्यावर युफ्रोसिनाबाई दारात होत्या. त्यानंतरच्या दिवसांत तिनं एकदा सुरुवात केली. तो म्हणाला, "राहू दे गं, मुरंबा आण." मेमध्ये तो गेला. रुग्णालयात, दुपारी, ती खाली पाणी आणायला गेली असताना.

कबरीसाठी नवी जागा घेण्याचा प्रश्नच नव्हता. कबर एकच होती, बापाची. रीत अशी की जुनी माती उकरायची, आधीच्याची हाडं काढायची, वाइननं धुवायची, पांढऱ्या कापडात बांधून नव्या पेटीबरोबर परत ठेवायची. कबर खोदणारा माणूस सकाळपासून कामाला लागला होता. युफ्रोसिनाबाई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघ्यांवर मृतांच्या नावानं वाटायच्या, अक्रोड घातलेल्या गव्हाच्या कोलिव्याचं ताट. देस्पिनानं बाह्या वर केल्या. कामासाठी एखादी बाई मिळते, पण तिनं कुणाला बोलावलं नव्हतं.

हाडं एकेक करून परातीत येत होती. मातकट, वाटली होती त्यापेक्षा हलकी. तिनं ती एकेक करून धुतली. युफ्रोसिनाबाई म्हणाल्या, "नीट धू हो. फार टापटिपीचा माणूस. कामावरून आला की आधी नळाशी जायचा." मग त्यांनी शालीची गाठ सोडली आणि डोळे पुसले.

तो माझ्या मातीला नको, असं बाप म्हणाला होता. देस्पिना रात्रभर त्यावर विचार करून आली होती. तितूला वेगळीकडे, अनोळखी माणसांत ठेवायचं तिच्यानं होणार नव्हतं. बापाला विचारता येत नव्हतं. एक पोर राहिलं होतं, आणि ते कसलं होतं हे त्याला न कळताच तो गेला होता.

"पायाशी ठेवू ना, बाई?" खोदणाऱ्यानं विचारलं. "रीत तशीच आहे."

"पायाशी ठेवा," ती म्हणाली.

त्यानं बापाचं गाठोडं पेटीत तितूच्या पायाशी ठेवलं, झाकण बसवलं आणि दोर लावले. पेटी खाली जाताना दोनदा काठाला घासली. पाद्र्यानं वाइन शिंपडली, मूठभर माती टाकली. सगळे म्हणाले, देव त्यांना क्षमा करो. देस्पिनाचे ओठ हलले. हात अजून ओले होते. ते पुसायला काही आणलंय का म्हणून तिनं पिशवीत बघितलं, काही नव्हतं, मग तिनं ते कोटाला पुसले आणि कोलिव्याची पहिली वाटी भरून खोदणाऱ्याला दिली.